साखर ‘तो’, ऊस ‘ती’

बारामती तालुक्यात माळेगाव, सोमेश्वरच्या कारखान्यांकडे ट्रॉलीतून जातो तो ऊस आणि पोत्यात भरून बाहेर पडते ती साखर. फ्रेंचमध्ये नेमके उलटे. ‘ला कान आ स्युक्र’ म्हणजे ऊस स्त्रीलिंगी, तर ‘ल स्युक्र’ म्हणजे साखर पुल्लिंगी.

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही. त्यामुळे इंदापूरच्या बागेतले ‘ते द्राक्ष’ तिथे ‘ल रेझँ’ होऊन पुरुषांत बसते आणि ‘ते डाळिंब’ ‘ला ग्रनाद’ होऊन बायकांत.

‘ल’ पुल्लिंगी, ‘ला’ स्त्रीलिंगी, आणि अनेकवचनात दोघांनाही ‘ले’. ही निश्चित उपपदे मराठीत नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थी ती हमखास विसरतो. आपण नुसते ‘साखर आवडते’ म्हणतो. फ्रेंच माणूस साखरेबद्दल सरसकट बोलतानाही ‘जेम ल स्युक्र’ म्हणतो.

नाम स्वराने सुरू झाले की ‘ल’ आणि ‘ला’ दोन्हींचा स्वर गळतो. पाणी म्हणजे ‘ओ’. उजनीचे पाणी म्हणताना उपपद जोडून उरते फक्त ‘लो’. इथे लिंग कळते ते विशेषणावरून. गार पाणी ‘लो फ्रेश’. ‘ओ’ पुल्लिंगी असते तर ‘फ्रेश’ऐवजी ‘फ्रे’ आले असते. काळा घोडा, काळी गाय यांतही विशेषण असेच बदलते.

शेवटाच्या उच्चारावरून थोडा अंदाज बांधता येतो. ‘नासियों’सारखी (राष्ट्र) ‘सियों’कारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी, ‘व्वायाज’सारखी (प्रवास) ‘आज’कारान्त बहुधा पुल्लिंगी. पण समुद्रकिनारा मात्र ‘ला प्लाज’. म्हणून वहीत नुसते ‘स्युक्र’ न लिहिता ‘ल स्युक्र’ लिहितात.