कुट्टनाडची नाव आणि तिची घरं

२८ सप्टेंबर २०२४ रोजी अलप्पुळ्याच्या, म्हणजे जुन्या अलेप्पीच्या, पुन्नमडा तलावावर नेहरू ट्रॉफीची अंतिम शर्यत झाली. कारिचाल चुंडन या नावेला लागली ४ मिनिटं २९.७८५ सेकंद. वीयपुरम् चुंडनला ४ मिनिटं २९.७९० सेकंद. शंभर फुटांहून लांब नावा, प्रत्येकीत शंभराच्या आसपास माणसं, आणि जिंकणं-हरणं यांत अंतर दोन-अडीच सेंटिमीटरांचं. कारिचालचं हे सोळावं विजेतेपद होतं. तिला वल्हवणाऱ्या पळ्ळात्तुरुत्ती बोट क्लबचं सलग पाचवं.

ते दोन सेंटिमीटर कोणाच्या वल्ह्याने गमावले? टीव्हीसमोर बसून मी हे मोठ्याने म्हणालो, तेव्हा माझी वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. विचारलं तर पुढच्या वर्षी नाव पाण्यात उतरणार नाही."

वहिनी कुट्टनाडची. दादा नोकरीनिमित्त कोचीला होता, तिथे लग्न जमलं, आणि आता तिचं निम्म्याहून अधिक आयुष्य डोंबिवलीत गेलं आहे. मराठी ती आमच्यासारखीच बोलते. पण जूनचा पाऊस लागला की माहेरी तिचे फोन वाढतात. नाव दुरुस्तीला काढली का, तेल दिलं का, या वर्षी कोण कोण बसणार. तिच्यामुळे मी कुट्टनाडला जात राहिलो आणि या शर्यतींकडे तिच्या घराच्या बाजूने पाहायला शिकलो.

कुट्टनाड हा वेंबनाड तलावाच्या काठचा सखल मुलूख. पंपा, मीनच्चिल, अच्चनकोविल आणि मणिमला या चार नद्या तिथे येऊन मिळतात. तलाव हटवून, चिखलाचे बांध घालून माणसांनी इथे भातशेती केली. समुद्रसपाटीच्या खाली, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खाली, पिकणारी ही शेतं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. अशा मुलखात पायवाटेआधी पाणवाट येते. दूध आणायला होडी, शाळेला होडी, वरातीला होडी. आजही राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटी तिथे आपल्या एसटीसारख्या थांबे घेत जातात. त्यामुळे मुलाच्या हातात वल्हं येतं ते खेळ म्हणून येत नाही. आई पलीकडच्या काठावर पाठवते म्हणून येतं.

शर्यतीची नाव मात्र वेगळी. चुंडन वळ्ळम् म्हणजे चोचीची नाव. लांबी शंभर ते एकशे अडतीस फूट, रुंदी दोन माणसं जेमतेम शेजारी बसतील एवढीच, आणि मागचं टोक पाण्यापासून वीसेक फूट उंच उचललेलं. त्या फण्यामुळेच बाहेरच्यांनी तिला सर्पनौका म्हटलं. लाकूड आंजिलीचं, म्हणजे फणसाच्या कुळातल्या रानझाडाचं. मागे, अमरमवर, लांब वल्ही घेऊन सुकाणू धरणारे चार-पाच जण उभे असतात. मधल्या फळीवर उभे राहून लाकडी सोट्याने ताल देणारे आणि गाणारे. बाकी सगळे वल्हेकरी, जोडीजोडीने. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत वल्हेकरी उलटे, मागे तोंड करून बसतात. इथे तोंड पुढे. पण पुढे दिसतं काय? समोरच्याची पाठ. शर्यतीची ती चार-साडेचार मिनिटं बहुतेक माणसं पाणी, किनारा, प्रतिस्पर्धी, काहीच नीट पाहत नाहीत. समोरची पाठ पाहायची आणि सोट्याचा ठोका ऐकायचा. वहिनीचा भाऊ पहिल्यांदा बसला तेव्हा त्याच्यासमोर त्याच्या काकाची पाठ होती. घरात ज्या काकाशी तो तोंड वर करून बोलायचा नाही, त्याचा श्वास कधी लांबतो आणि खांदा कधी थकतो हे त्याला त्या मोसमात कळलं.

या नावेची गोष्ट युद्धापासून सुरू होते. चेंबकश्शेरीच्या राजाने कायंकुळमच्या राजाविरुद्ध लढण्यासाठी कोडुप्पुन्ना गावच्या वेंकिटनारायणन आचारी या सुतार-स्थपतीकडून वेगवान युद्धनौका घडवून घेतली, अशी आख्यायिका आहे. कायंकुळमने एक तरुण हेर पाठवला. त्याने आचारींच्या मुलीवर प्रेम असल्याचा बहाणा केला आणि घरात शिरून विद्या शिकून घेतली. आचारींवर राजद्रोहाचा ठपका आला. पुढच्या लढाईत कायंकुळमच्या नावा आल्या खऱ्या, पण हरल्या, आणि राजाने आचारींना सन्मानाने सोडलं. कथेत इतिहास किती हे बाजूला ठेवू. कुट्टनाडात ती इतक्या आवडीने का सांगतात हे कळण्यासाठी तिथल्या नावेच्या सुतारांकडे पाहावं. नाव बांधण्याचं ज्ञान अजूनही बापाकडून मुलाकडे, हाताने हाताला दिलं जातं. आपल्या काळात कोझिमुक्कू नारायणन आचारींनी कितीतरी चुंडन घडवल्या आणि त्यांच्या मुलांनी ते काम पुढे नेलं. लाकूड कुठे तासायचं आणि कुठे हात थांबवायचा हे वर्षानुवर्षं शेजारी बसल्याशिवाय येत नाही.

नाव गावाची असते. नावंही गावांची: कारिचाल, चंपक्कुळम्, पायिप्पाड, चेरुतना, वीयपुरम्. कारिचाल १९७० साली पाण्यात उतरली आणि अजून जिंकते आहे. नवी नाव बांधायची तर घराघरातून वाटा गोळा होतो. कोणी पैसा देतो, कोणी झाड देतो, कोणी मेहनत. वर्षभर ती वळ्ळप्पुरेत, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या शाकारलेल्या घरात राहते. मोसमाआधी तिला माशाचं तेल, नारळाच्या करवंटीची राख आणि अंडी यांचं मिश्रण चोळतात, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही आणि बूड गुळगुळीत राहतं. हे काम मुलांचं. वहिनी सांगते की त्या वासाने तिची आजी नातवंडांना घरात घ्यायची नाही, अंगणातच आंघोळ घालायची. पण नावेच्या कामाला जाऊ नका असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

आता तिच्या वडिलांची गोष्ट. ते सोटा धरणारे, ताल देणारे. वय झाल्यावर निवड करणाऱ्या मंडळात गेले. वहिनीचा थोरला भाऊ तेव्हा विशीत होता, अंगाने गावातला सगळ्यात दणकट, आणि बापाच्या पोटचा म्हणून जागा आपलीच असं धरून चाललेला. सरावात तो ठोक्याच्या किंचित आधी वल्हं घालायचा. ताकद होती, घाई होती. शंभर वल्ह्यांत एक आधी पडलं की त्याच्या मागचा गोंधळतो, त्याच्या मागचा आणखी, आणि नाव डोलू लागते. मंडळ बसलं. त्याला काढायचं की नाही यावर मतं घेतली, तेव्हा काढण्याच्या बाजूने पहिला हात बापाचा वर गेला. घरी कित्येक दिवस बाप-लेकांत शब्द नव्हता. आईने काही समजूत घातली नाही. तिने मुलाला सरावाच्या शिबिरातल्या स्वयंपाकाला जुंपलं. महिनाभर त्याने त्याच शंभर माणसांसाठी भाताच्या कढया उचलल्या. त्याची जागा ज्याला मिळाली, त्या मुलालाही वाढलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा चाचणीला गेला आणि बसला. त्या नावेत तो पुढे बरीच वर्षं होता.

वहिनीचे वडील असे कठोर का झाले, हे मी त्यांना विचारलं होतं. दुभाषी अर्थात वहिनी. ते म्हणाले, मी त्याला घेतलं असतं तर त्याच्या मागे बसणाऱ्या पोराने माझ्या ठोक्यावर विश्वास का ठेवावा? मला या उत्तरात बापाचं प्रेम कुठेच कमी वाटलं नाही. आपल्याकडे मुलासाठी शब्द टाकणं हे वडिलांचं कर्तव्य समजतात. तिथे त्या म्हाताऱ्याने शब्द टाकला नाही, आणि त्यामुळे मुलाला मिळालेली जागा खरोखर त्याची झाली.

नात्याचा हा वेढा एका घरापुरता, एका धर्मापुरता राहत नाही. मोसमातली पहिली मोठी शर्यत चंपक्कुळमला, मिथुनम् महिन्याच्या मूळ नक्षत्रावर, म्हणजे साधारण जून-जुलैत होते. तिची परंपरा अंबलप्पुळ्याच्या श्रीकृष्ण मंदिराशी जोडलेली आहे. कुरिच्चीहून मूर्ती नावेतून आणताना रात्र झाली, तेव्हा चंपक्कुळमच्या माप्पिळश्शेरी या ख्रिस्ती घराण्यात मूर्ती उतरली, आणि दुसऱ्या दिवशी नावांच्या ताफ्याने तिला वाजतगाजत नेलं, असं सांगतात. आजही त्या घराचा मान आहे.

पंपेवरच्या आरन्मुळ्याला तर शर्यत हा शब्दही अपुरा पडतो. तिथल्या नावांना पळ्ळियोडम् म्हणतात. त्या नावा पार्थसारथीच्या, म्हणजे श्रीकृष्णाच्या, आणि त्यात चढायचं ते अनवाणी, उघड्या अंगाने, मुंडू नेसून. ओणमच्या काळात उत्रट्टाती नक्षत्रावर त्या ओळीने, जोड्याजोड्यांनी गात जातात. त्याआधी काही आठवडे मंदिरात वळ्ळसद्या चालते, म्हणजे नवस फेडणारी घरं नावेतल्या माणसांना जेवू घालतात. केळीच्या पानावर साठाहून अधिक पदार्थ, आणि वल्हेकरी पदार्थ मागतात ते गाणं म्हणून. मागितलं ते यजमानाने द्यायचं. ही गाणी वंचिप्पाट्टु, नौकागीतं. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर या गरीब कवीने राजा मार्तंड वर्म्यासोबत नावेतून जाताना सुदाम्याची कथा या चालीत रचली आणि राजाचा आश्रय मिळवला, ही गोष्ट प्रत्येक मल्याळी पोराला ठाऊक असते.

नेहरूंचं नाव या खेळाला जडलं ते १९५२ च्या डिसेंबरात. पंतप्रधान त्या भागात आले, त्यांच्यासाठी चुंडन नावांची शर्यत झाली आणि नडुभागम् जिंकली. नेहरू सगळा बंदोबस्त विसरून त्याच नावेत चढले आणि अलप्पुळ्याच्या धक्क्यापर्यंत गेले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी चांदीची छोटी चुंडन स्वतःच्या सहीसह पाठवली. तिच्यावर त्यांनी या शर्यतीला त्रावणकोर-कोचीनच्या सामूहिक जीवनाचं वैशिष्ट्य म्हटलं आहे. पंतप्रधानांना खेळापेक्षा 'सामूहिक जीवन' आधी दिसलं, याचं मला फार मोल वाटतं. त्या नडुभागमला पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट २०१९ साली, सदुसष्ट वर्षांनी. मधल्या काळात नाव बदलली, माणसांच्या तीन पिढ्या बदलल्या. गावाने वाट पाहणं सोडलं नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये महापुराने कुट्टनाड जवळजवळ संपूर्ण रिकामं करावं लागलं. वहिनीचं माहेर छताखाली हातभर उरेल इतकं बुडालं. शर्यत पुढे ढकलून १० नोव्हेंबरला घेतली आणि पायिप्पाडन जिंकली. निम्म्या घरांत अजून चिखल असताना नावा कशाला उतरवता, असं मी फोनवर म्हटलं होतं. वहिनीचा भाऊ म्हणाला, सरावाचं शिबिर लागलं म्हणून तर सगळे परत आले. विखुरलेल्या माणसांना एका जागी रोज जेवायला बसवायचं दुसरं कारण त्यांच्याकडे नव्हतं.

एक गोष्ट मला खुपते. २०१९ पासून चॅम्पियन्स बोट लीग आली, बक्षिसं वाढली, प्रायोजक आले. मोठे क्लब नाव भाड्याने घेतात आणि मणिपूर-काश्मीरकडून वल्हेकरी आणतात. त्याने वेग वाढला. खेळाला मान मिळाला, आणि गरीब पोरांना चार पैसेही मिळू लागले. हे चांगलंच आहे. पण ज्या गावाचं नाव नावेवर, त्या गावचा मुलगा काठावर उभा, हे दृश्य वाढत गेलं तर नाव आणि घर यांमधला दोर सुटेल. बाहेरच्या वल्हेकऱ्यांवर मर्यादा असावी हा आग्रह म्हणून मला रास्त वाटतो.

नावेतल्या जागेचा प्रश्न निघाला की आपल्या नौकानयनपटू दत्तू भोकनळचं उदाहरण आठवतं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, पाण्याच्या टंचाईच्या गावातला हा मुलगा. त्याला पाण्याची ओळख लष्करात झाली. रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत आजारपणामुळे तो सगळ्यांत मागे राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत सुवर्णपदक जिंकला. वहिनीच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, आदल्या दिवशी हरलेल्याला बाकीच्या तिघांनी जागा दिली ना?

बायकांचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. आरन्मुळ्याच्या पळ्ळियोडम्‌वर बाईने चढणं वर्ज्य आहे. चुंडनमध्ये सहसा पुरुषच. नेहरू ट्रॉफीत बायका वल्हवतात त्या तेक्कनोडी नावा, लहान आणि चपळ. वहिनीच्या आईने शंभर माणसांचा स्वयंपाक केला, आजीने पोरांच्या अंगावरचं तेल उतरवलं, वहिनीने काठावरून 'आर्प्पो... इर्रो' ओरडून घसा बसवला. नाव चालवायला त्यांचं हे सगळं लागत होतं, तरी बसायला जागा नव्हती. वहिनीची भाची आता तेक्कनोडीच्या सरावाला जाते. आखातात नोकरी करणारा तिचा बाप रजा जमवून येणार आहे. तो तोच, ज्याला एकदा बापाने काढलं होतं. मुलगीही ठोक्याच्या आधी वल्हं घालते म्हणे. या वेळी ठोका देणारी एक बाई आहे, आणि तिने तिला पहिल्याच आठवड्यात दोनदा मागच्या बाकावर पाठवलं आहे.