नगरचे रणगाडे, रावेरच्या नजरेनं

पाणी भरलेल्या काळ्या शेतात ट्रॅक्टर घालू नये, हे रावेर तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी नेमकं तेच केलं. असल उत्तर गावाभोवतीच्या शेतांत आपल्या सैन्यानं कालव्याचं पाणी सोडलं होतं आणि उसाच्या आड आपले सेंच्युरियन व शेरमन रणगाडे दबा धरून बसले होते. पंचेचाळीस टनांचे अमेरिकन पॅटन त्यात शिरले आणि रुतले. आपल्या सैन्यातल्या अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या १०६ मिलीमीटर तोफेनं पॅटन टिपले. पाकिस्ताननं ९७ रणगाडे गमावले, असा आकडा नोंदला गेला. पॅटनची तोफ चांगली होती, पत्राही जाड होता. त्याला जमीन नडली.

हे पॅटन जवळून बघायचे तर नगरला जावं. आता कागदोपत्री अहिल्यानगर. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ मध्ये उभारलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पन्नासच्या आसपास चिलखती गाड्या आहेत. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर चिलखत चढवलेली गाडी आहे, मॅटिल्डा, चर्चिल आहेत. पण मोठमोठ्या नावांपुढे फार वेळ घालवू नका. थांबायचं ते आर्चरपाशी.

आर्चर हा उलटा रणगाडा. ब्रिटिशांना दुसऱ्या महायुद्धात सतरा पौंडी तोफ फिरती हवी होती, पण हाताशी असलेला व्हॅलेंटाइनचा सांगाडा तिच्यासाठी लहान. मग त्यांनी तोफेचं तोंड मागे केलं! नळी इंजिनाच्या वरून मागे गेली, आणि गोळा सुटला की तोफेचं बूड चालकाच्या जागेकडे झेपावे. ऐकायला हे वेडगळ वाटतं. प्रत्यक्षात दबा धरून मारा करायचा आणि गाडी न वळवता सरळ पुढे पळ काढायचा, एवढ्या कामाला ती उत्तम ठरली. अडचणीतून अशी सोय काढणारा तो अभियंता मला पॅटनच्या कारखान्यापेक्षा मोठा वाटतो.

तिथला जपानी हा-गो रणगाडाही असाच लहान. वजन साडेसात टनांच्या आत, चिलखत जेमतेम बारा मिलीमीटर. बुरुजात एकच माणूस. हुकूम त्यानंच द्यायचे, तोफ त्यानंच भरायची, डागायचीही त्यानंच. तरी १९४१-४२ मध्ये मलायात रबराच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर जपान्यांनी असे रणगाडे पळवले, कारण समोर ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता. पुढे ब्रह्मदेशात शेरमन समोर आले आणि हा-गोचा पत्रा कागदासारखा फाटला.

हलक्या रणगाड्याची खरी शर्थ मात्र आपल्याच लोकांनी केली. १ नोव्हेंबर १९४८ ला सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत चढले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून वाटेत त्यांचे बुरुज काढून ठेवले होते, आणि खिंडीपर्यंतचा रस्ता मद्रास सॅपर्सनी खोदून दिला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर कारवारकडचे रामा राघोबा राणे चालत्या स्टुअर्टखाली सरपटत पुढे गेले. चालकाला थांब-चल सांगायला हातात दोरी. सुरुंगांनी भरलेला तो रस्ता त्यांनी मोकळा केला आणि परमवीरचक्र मिळवलं.

पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता पडले, तो ‘फामागुस्टा’ही नगरलाच जपून ठेवला आहे. खेत्रपालांचं वय होतं एकवीस.

रावेरहून भुसावळ, तिथून मनमाड, आणि मनमाड-दौंड मार्गावर नगर. शिर्डीला जाणारे आपले लोक तसेही निम्मी वाट तुडवतातच. पोरांना घेऊन जा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि आर्चर बघितल्याशिवाय परतू नका.