पाण्याला थांबायला जागा

हैदराबादेत पूर म्हटला की १९०८ हे साल आठवते. त्या वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदी शहरात शिरली आणि हजारो माणसे दगावली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. निझाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पाणी शहराच्या वर अडवावे आणि बेताने सोडावे, हे त्यांच्या योजनेचे सार होते. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले.

मग ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्या का बुडाल्या? ही धरणे आपल्या वरच्या पाणलोटातले पाणी अडवतात. खाली खुद्द शहरावर पडणारा पाऊस त्यांच्याकडे जातच नाही. तो आपल्या गच्चीवर, अंगणात आणि रस्त्यावर पडतो.

एक साधा हिशेब करून पाहा. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते पाच लाख लिटर. जागा झाडझाडोऱ्याची व मोकळी असेल आणि तीस टक्के पाणी वाहून गेले असे धरले, तर दहा हजार लिटरचे पंधरा टँकर भरतील. तीच जागा घरे, सिमेंटचे रस्ते आणि फरशी यांनी झाकली, तर नव्वद टक्के पाणी वाहते. टँकर होतात पंचेचाळीस. पाऊस तेवढाच, नालाही तोच, पाणी मात्र तिप्पट. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून ते वेगाने धावते आणि सगळीकडचे पाणी एकाच वेळी नाल्यावर येऊन पोहोचते. पूर येतो तो या एकदम येण्यामुळे.

सगळा दोष सिमेंटचा आहे, असेही नाही. इथली भूमी ग्रॅनाइटची. वर माती-मुरमाचा थर बहुधा पातळ. संततधार लागली की मोकळी जमीनही लवकर तृप्त होते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी उतारावर तळ्यांच्या माळा गुंफल्या. एका चेरुवूच्या सांडव्याचे पाणी खालच्या चेरुवूत, तिथून पुढच्यात. जमिनीने न घेतलेले पाणी तळ्याने घ्यावे, अशी ही व्यवस्था होती.

आपण एकाच काळात दोन्ही गमावले. जमीन झाकली आणि तळीही बुजवली. मासब टँक या वस्तीच्या नावात तलाव उरला आहे, जमिनीवर नाही. जी तळी राहिली त्यांचे सांडवे आणि नाले अनेक ठिकाणी बांधकामांनी आवळले गेले. अशा तळ्यापासून संरक्षण मिळत नाही, उलट धोका वाढतो. २०२० मध्ये पल्ले चेरुवूचा बांध फुटला तेव्हा खालच्या वस्त्यांनी तो अनुभव घेतला. १९०८ मध्येही वरच्या भागातले अनेक तलाव फुटल्याने पूर वाढला होता.

नाले रुंद करा, ही मागणी रास्त आहे. पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या दारातले पाणी लवकर गेले, की ते खालच्या वस्तीच्या दारात लवकर पोहोचते. विश्वेश्वरय्यांचा उपाय आजही खरा आहे. फक्त तो आता शहराच्या आत, लहान लहान प्रमाणात करायला हवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी जमते. ते शोषखड्ड्यात किंवा टाकीत गेले, तर तेवढे नाल्यात जाणार नाही.

म्हणून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्यापूर्वी थोडी माती उघडी ठेवा. भूखंड घेताना कागदपत्रांबरोबर जुना नकाशाही पाहा. ती जागा एखाद्या तळ्याच्या पोटात तर नाही ना, याची खात्री करा. तळे बुजले तरी जमिनीचा उतार बदलत नाही, आणि पाणी त्या उतारानेच येते.