होडी पाण्यापर्यंत नेताना

होडी एकदा पाण्यात गेली की ती पाण्याची. वारा, वल्ही, आजकाल मागं लावलेलं छोटं इंजिन, कशानं ना कशानं ती पुढं सरकतेच. खरी कसोटी त्याआधीची असते. माडाखालच्या सावलीपासून पाण्यापर्यंतची शंभर-दोनशे फूट पुळण! ट्रॉलरला जेटी आहे, बंदर आहे. एक-दोन माणसांच्या लहान होडीला यातलं काही नसतं. ती पाण्यात लोटायची आणि धंदा करून परतलं की पुन्हा वर ओढायची. कोकणात पूर्वी या कामाला हात कमी पडत नसत. आता वाड्यांमधली बरीच तरुण मुलं मुंबईला, नाहीतर आखाती देशांत आहेत. मागं राहिलेल्या साठीच्या माणसाकडे होडी आहे, जाळं आहे, समुद्राची जाण आहे. पण होडी ढकलायला कुणी मिळालं नाही, तर त्याचा तो दिवस बुडतो.

समजा, होडीचं वजन २०० किलो आहे. कोरड्या वाळूवरून ती नुसती फरपटत न्यायची, तर साधारण तिच्या निम्म्या वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. शिवाय पुढचं टोक रुततं, त्याच्यापुढं वाळूचा ढीग साचतो आणि आपण होडीबरोबर किनाराही ओढू लागतो. ओल्या वाळूची गोष्ट वेगळी. तिचे कण एकमेकांना धरून राहतात. प्राचीन इजिप्तमधल्या एका थडग्यात, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे. भलामोठा पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि एक माणूस गाडीच्या पुढं उभा राहून पाणी ओततोय. अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की, वाळूत बेताचं पाणी असेल तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. पाणी जास्त झालं तर मात्र फायदा जातो. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आयताच ओला आणि घट्ट असतो. त्रास देते ती वरची भुसभुशीत पुळण. उपाय करायचा तो तेवढ्याच टप्प्यावर.

सर्वांत जुना उपाय ओंडक्यांचा. सुरूचे सरळ, सारख्या जाडीचे तीन-चार ओंडके होडीखाली आडवे घालायचे आणि ढकलायचं. यात एक गंमत आहे. घरी दोन पेन्सिलींवर पुस्तक ठेवून ते सरकवून पाहा. पुस्तक दोन इंच गेलं, तर पेन्सिल एकच इंच जाते. होडीचंही तसंच. ओंडका सतत मागं पडत जातो, मागून निसटतो आणि तो उचलून पुन्हा पुढं न्यावा लागतो. म्हणून दोन ओंडके पुरत नाहीत. मऊ वाळूत ओंडकाच रुतू लागला, तर खाली दोन फळ्या रुळांसारख्या टाकाव्यात. फळ्या नसतील तर माडाच्या झावळ्यांचे जाड देठ ओले करून आडवे अंथरले, तरी होडी त्यावरून बरी घसरते. ओंडका पायानं अडवायला मात्र जाऊ नये. बोटं चेंगरतात.

थांबलेली होडी हलवायला जास्त जोर लागतो, चालू होडीला कमी. त्यामुळे पहिला धक्का सगळ्यांचा एकाच क्षणी बसायला हवा. चार माणसांनी चार वेळा लावलेला जोर फुकट जातो. म्हणून ती आरोळी. कुणी एकवीरेचं नाव घेतो, कुणी अल्लाचं, कुणी नुसतंच 'जोर लगाके' म्हणतो आणि 'हैसा'वर सगळे खांदे एकदम लागतात. वृत्तात यती कुठं येतो हे आम्ही कवी पुस्तकातून शिकतो; इथं तो चुकला तर होडी जागची हलत नाही.

पण ज्याच्याजवळ आरोळी द्यायलाही दुसरं माणूस नाही, त्यानं काय करावं? त्यानं गाडा करावा. जुन्या मोपेडची दोन चाकं, लोखंडी पाइपचा आस आणि त्यावर होडीच्या तळाला बसेल अशी लाकडी बैठक. बैठकीला जुन्या टायरची पट्टी किंवा गोणपाट मारलं, म्हणजे फायबरच्या होडीला ओरखडे पडत नाहीत. सायकलची चाकं घेऊ नयेत. अरुंद चाक वाळू कापत खाली जातं. टायरमध्ये हवेचा जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर देतो. म्हणून हवा थोडी कमी ठेवावी. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो.

आस कुठं यावा, यावर सगळं अवलंबून आहे. होडीखाली एकच ओंडका घालून तो पुढंमागं करत राहावं. ज्या जागी होडी तराजूसारखी तोलून राहते, तिथं रंगानं खूण करावी. गाड्याचा आस त्या खुणेच्या किंचित मागं ठेवावा, म्हणजे पुढचं टोक हाताला थोडं जड लागतं आणि होडी मागं उलटत नाही. उतारावर होडीच्या पुढं उभं राहू नये. मागं दोर बांधून, तो खुंटाला एक वेढा देऊन हळूहळू सोडावा. होडी तरंगली की गाडा त्याच्या दोरानं ओढून घ्यायचा आणि भरतीच्या रेषेच्या वर ठेवायचा. परतल्यावर चाकं गोड्या पाण्यानं धुऊन ग्रीस लावायचं. खारं पाणी बेअरिंगला फार दिवस जगू देत नाही.

वेळेची निवड हाही उपायच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते, हा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. गावागणिक थोडं मागंपुढं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी होडीच्या जवळ येतं. पण त्याच दिवसांत ओहोटीही लांबवर जाते. परतायची वेळ चुकली, तर ओढण दुप्पट.

हा सगळा खटाटोप रोजच्या सोयीपुरता नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं. इशारा आधी मिळतो, पण त्या वेळी प्रत्येकाला आपापलीच होडी वर घ्यायची असते. दुसऱ्यासाठी मोकळा हात कुठून मिळणार? घरचा गाडा असलेला माणूस आपली होडी नेऊन शेजाऱ्याच्या मदतीला येऊ शकतो.

मात्र गाड्याला वाट हवी. धूप थांबवण्यासाठी किनाऱ्यावर दगडी बंधारे घालतात आणि होडीची वाट त्यात बुजते. बंधाऱ्याचा आराखडा होत असतानाच मच्छीमारांनी उतार मागून घ्यावा. तो गाड्याच्या चाकांना पुरेल एवढा रुंद हवा, शेवाळावर पाय घसरू नये म्हणून त्याला आडव्या खाचा हव्यात आणि तो ओहोटीच्या वाळूपर्यंत उतरायला हवा. अर्ध्यावर संपलेल्या उतारावरून गाडा खालीही जात नाही आणि वरही येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)