वार्धक्यातील नैराश्य
‘आता वय झाले, असे व्हायचेच’ हे उद्गार आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडतात. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून प्रकट होत नाही; निद्रानाश, अंगदुखी, अन्नावरील वासना उडणे अशा तक्रारींआडून ते येते. विसराळूपणा वाढल्याने स्मृतिभ्रंशाचीही शंका येते. म्हणून आम्ही प्रथम थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व व श्रवणशक्ती तपासतो, तसेच १५ प्रश्नांची ‘होय-नाही’ प्रश्नावली भरून घेतो. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. नेमकी त्याच काळात कित्येक कुटुंबे ती परस्पर बंद करतात! काही औषधांनी रक्तातील सोडियम घटते, यास्तव फेरतपासणी टाळू नये. ‘देवाने आता न्यावे’ हे बोल मात्र सवयीचे मानू नयेत. तत्काळ रुग्णालयात आणावे, अथवा शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र संपर्क साधावा.