सपाट नाकाचा ट्रक अमेरिकेत चालेल का?

युरोपात ट्रकचालक इंजिनाच्या वर बसतो; अमेरिकेत इंजिन त्याच्या पुढे, लांब नाकात असते. हा फरक कायद्याने घडवला. युरोपात ट्रक व ट्रेलर मिळून सर्वसाधारण मर्यादा १६.५ मीटर, म्हणून केबिन आखूड. अमेरिकेतही पूर्वी एकूण लांबीवर बंधने होती, तेव्हा असे ट्रक सर्रास दिसत. १९८२च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवरची ती अट गेली आणि ते मागे पडले.

आता चालतील का? शहरात चालतील, तिथल्या बऱ्याच कचरागाड्या आजही तशाच आहेत. पण आठवडेच्या आठवडे बाहेर राहणाऱ्या चालकाचे केबिन हेच घर. इंजिन दुरुस्त करायला ते घरच पुढे कलंडवावे लागते. लांबीची सक्ती नसताना तो ऐसपैस घर कशाला सोडेल?