शोध घरच्या जवानाचा (लेखांक ४) : पलटण कामठीची, कागद सागरला

उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या आसपास, थोरले आजोबा महार पलटणीतून कामठीहून लढाईवर गेले ते परतलेच नाहीत, असं सांगणारी घरं आजही भेटतात. त्यापुढचं मात्र कुणाला नीट सांगता येत नाही. काका ब्रह्मदेश म्हणतात, आत्या इराक म्हणते. मग मंडळी कामठीच्या छावणीचा रस्ता धरतात आणि हात हलवत परत येतात.

याचं कारण सरळ आहे. कामठीत आज गार्ड्स ब्रिगेडचं केंद्र आहे. महार पलटणीचे कागद त्यांच्याकडे असायचं कारणच नाही. महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. दुसरी पलटण कामठीची, आणि ब्रह्मदेशात गेली ती हीच. युद्ध संपल्यावर रेजिमेंटचं केंद्रही काही काळ कामठीत होतं, पण पुढे ते मध्य प्रदेशात सागरला गेलं. तेव्हा चौकशीचं पत्र सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला जायला हवं. आजोबा मराठा पलटणीत असतील, तर बेळगावला.

पण पत्र लिहिण्याची घाई नको. दुसऱ्या महार पलटणीची ब्रह्मदेशातली हानी फारच थोडी होती. त्यामुळे ‘महार पलटण, ब्रह्मदेश’ ही घरोघरी सांगितली जाणारी जोडी मी तरी पुराव्याशिवाय मानत नाही. त्या काळी गडी पायोनियर कोअरमध्ये रस्ते बांधत असो की सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक चालवत असो, घरचे ‘पलटणीत आहे’ एवढंच म्हणत.

म्हणून आधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंद बघावी. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिच्यात येतात. नोंदीत शिपाई क्रमांक, हुद्दा, तुकडी आणि मृत्यूची तारीख असते. नशीब चांगलं असेल तर बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गावही. समाधी मात्र सापडेलच असं नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही. नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाची समाधी सापडली नाही म्हणून हिरमुसू नये. ब्रह्मदेशात पडलेल्या, पण समाधी नसलेल्या जवळजवळ २७ हजार जणांची नावं यांगूनजवळ तौक्यानच्या स्मारकावर आहेत. दहन झालेल्यांसाठी तिथेच वेगळं स्मारक आहे.

शोध अडतो तो बहुतेक वेळा स्पेलिंगवर. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं, ते त्याने रोमन लिपीत उतरवलं. आडनाव सोडा, नुसतं पहिलं नाव टाका. मग बापाचं टाकून बघा. जिल्हाही आजचा चालत नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ चा, गोंदिया १९९९ चा. तिकडची माणसं चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत शोधावी लागतात, आणि प्रांत ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’.

घरात पदक असेल तर भिंगाखाली त्याची कड वाचा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी बारीक अक्षरांत कोरलेली असते. चांदीची म्हणून कितीतरी पदकं सोनाराकडे गेली. उरली असतील त्यांना चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

क्रमांक आणि तुकडी हाती आली की मगच रेकॉर्ड ऑफिसला लिहावं. अर्जात जुना जिल्हा, गाव, बापाचं नाव आणि तुमचं नातं लिहा. तुकडीची युद्धदैनंदिनी लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात मिळू शकते; आग्नेय आशियातल्या सैन्याच्या दैनंदिन्या तिथे ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत. तिच्यात साध्या शिपायाचं नाव सहसा नसतं, पण त्या तारखेला तुकडी कुठे होती हे कळतं. काकांचा आणि आत्याचा वाद तिथे मिटू शकतो.

आत्याचं इराक पहिल्या महायुद्धातलं निघालं, तर गोष्ट वेगळी. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. ती नोंदवहीत राहिली. या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ साली माफी मागितली. त्या नोंदवहीत नाव कसं शोधायचं, ते पुढच्या आठवड्यात.